टाळ्या नकोत, शिट्ट्या हव्यात

संत इलारिओच्या सणाला आर्जियाच्या घरी आनोलिनी झाले नाहीत असं कधी घडलं नव्हतं. नवरा प्रीमो गेला त्या हिवाळ्यातसुद्धा तिने डोळे पुसत पुसत पारी लाटली होती, चीजचं सारण भरलं होतं आणि ते इवलेसे गोळे रश्शात सोडताना "आपल्या रडण्याशी संताला काय करायचंय" एवढंच म्हणाली होती. यंदा मात्र ती सकाळपासून गुणगुणत होती, आणि आर्जिया गुणगुणू लागली की घरातली माणसं सावध होत.

"आई काहीतरी शिजवतेय," इलदे भावाच्या कानाशी पुटपुटली.

"आनोलिनी," लिओनीदा म्हणाला.

"ते पातेल्यात. मी डोक्यातलं म्हणतेय."

जेवायला पाच जणं. आर्जिया चुलीच्या बाजूला, म्हणजे उठबस करायला सोपं. तिच्या उजव्या हाताला धाकटा दीर डॉन फेर्मो, वस्तीतल्या चर्चचा पाद्री. त्याने सकाळच्या मिस्सेत संताची कथा गाऊन सांगितली होती. हिमातून फाटक्या जोड्यांनी चाललेला संत, त्याला नवे जोडे देणारा इथला, परमा शहरातला गरीब कारागीर, आणि दुसऱ्या दिवशी त्या कारागिराच्या दुकानात सापडलेले सोन्याचे जोडे. हे ऐकताना बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले होते. डाव्या हाताला आर्जियाचा भाऊ एव्हारिस्तो. दिवसा तो जोडे शिवायचा आणि संध्याकाळी मोठ्या थिएटरात टाळीवाल्यांचा म्होरक्या व्हायचा. गायकाने पट्टी गाठली की नेमक्या क्षणी पहिली टाळी त्याची, मागून त्याच्या माणसांची, आणि मग बाकीच्या थिएटरची. समोर दोन्ही पोरं.

"वहिनी, आज देवाने गळा मोकळा ठेवला होता," डॉन फेर्मो गळ्यात रुमाल खोचत म्हणाला.

"गळा होता, दम नव्हता," एव्हारिस्तो म्हणाला. "सोन्याचे जोडे सापडतात तिथे तुम्ही मध्येच श्वास घेतलात. माझ्या माणसांनी तिथे हातसुद्धा उचलला नसता."

"देवळात टाळ्या वाजवत नाहीत, एव्हारिस्तो."

"म्हणून तर तुमचा श्वास सुधारत नाही."

आर्जियाने भावाच्या ताटात जरा जास्तच आनोलिनी वाढले. लाच कुठे सुरू होते हे त्या घरात पळीवरून कळायचं.

"तुझी माणसं आज मोकळी आहेत ना रे?"

"सणाचं मोठं थिएटर बंद. का गं?"

"मग सगळ्यांना त्या बाजाराजवळच्या छोट्या नाटकघरात घेऊन ये. आज माझा लेक रंगमंचावर उभा राहणार. ते मिलानचे भविष्यवादी कलावंत, आणि त्यांच्यात हा. अख्खी नदीपलीकडची वस्ती आठवडाभर सडके कोबी साठवून बसलीय. काल माझ्याकडे धुण्याचे कपडे टाकायला आलेली प्रत्येक बाई मला वेळ विचारत होती. माझ्याच तोंडावर! तू असा कडकडाट कर, असा कडकडाट कर की त्यांच्या हातातला कोबी हातातच राहिला पाहिजे."

एव्हारिस्तोच्या घशाकडे निघालेला आनोलिनो वाट चुकला. तो खोकला, लाल झाला, पाणी प्यायला. त्याच दिवशी सकाळी दुकानात भाच्याने त्याचे दोन्ही हात धरून नेमकं याच्या उलटं वचन घेतलं होतं, आणि मामाने ते दिलंही होतं.

"काय झालं?"

"गरम आहे."

"आई," लिओनीदाने चमचा खाली ठेवला, "टाळ्या नकोत."

"लाजतोस काय? तुझा मामाच आहे."

"लाजत नाही. टाळ्या नकोत म्हणजे नकोत. मला शिट्ट्या हव्यात. मामाने शब्द दिलाय."

टेबलावर फक्त डॉन फेर्मोचा चमचा वाजत राहिला. तो देवमाणूस होता, पण गरम रस्सा गार होऊ देणं त्याला पाप वाटे.

"शिट्ट्या," आर्जिया म्हणाली.

"शिट्ट्या, शिव्या, कोबी. जमलं तर अंडीसुद्धा."

"भावोजी, याच्या कपाळाला हात लावून बघा हो."

"आई, ऐक तरी. टाळ्या जुन्याला पडतात. लोकांना जे आधीच ठाऊक आहे तेच त्यांच्यापुढे ठेवलं की ते खूश होतात. तोच चंद्र, तीच तळ्याकाठची बाई, तेच हात जोडलेले देवदूत. बाहेर गाड्या धावताहेत, कारखाने गरजताहेत, आणि आपण अजून देवदूतांचे पंख रंगवतोय! आम्हाला वेग रंगवायचाय, आवाज रंगवायचाय. लोकांना ते कळणार नाही, ते चिडणार. चिडले नाहीत तर समजायचं, आपणही जुनंच काहीतरी दाखवलं."

"तुमच्या जाहीरनाम्यात संग्रहालयं जाळा असं लिहिलंय म्हणे," डॉन फेर्मो म्हणाला. "चर्चसुद्धा?"

"चर्चचं अजून ठरलं नाही, काका."

"ठरेल तेव्हा आधी मला कळव. माझ्या छताचं काम अर्धं राहिलंय. तुझे देवदूत कमरेपर्यंतच झालेत. लोक वर बघतात आणि विचारतात, हे काय ढगात बुडताहेत का?"

इलदे फसकन हसली. हसण्याच्या भरात तिची जीभ सैल सुटली.

"आई, तुला माहीत नाही. याचा तो रोन्का आहे ना, मिलानचा पुढारी, तो म्हणालाय की आज दणकून शिट्ट्या पडल्या तर याला कायमचा मिलानला नेणार. टाळ्या पडल्या तर..."

भावाचा चेहरा पाहून ती थांबली. पण जे सुटायचं ते सुटलं होतं.

आर्जियाने पळी पातेल्यात ठेवली. "टाळ्या पडल्या तर?"

"तर इथेच," लिओनीदा म्हणाला.

"आणि शिट्ट्या पडल्या तर कधी निघायचं?"

"उद्या. सकाळच्या गाडीने."

"मला कधी सांगणार होतास?"

"परवा."

डॉन फेर्मोने पटकन क्रूस केला. आता घरात वीज कोसळणार असं त्याला वाटलं. पण आर्जिया ओरडली नाही. तिने लेकाच्या ताटात आणखी एक पळी वाढली, वर किसलेलं चीज भुरभुरवलं, आणि एखादी बाई बाजारात शेवटचा भाव सांगते तशा आवाजात म्हणाली, "खा. एव्हारिस्तो, टाळ्या."

*

धुण्याच्या चादरी अंगणात गोठून फळ्यांसारख्या उभ्या होत्या. एव्हारिस्तो तंबाखू ओढायला बाहेर आला, तर पहिल्या चादरीआडून बहीण निघाली.

"तू माझा भाऊ आहेस की त्याचा मामा?"

"दोन्ही आहे. तीच तर पंचाईत."

"तिथे मिलानमध्ये त्याला कोण बघणार? तो चित्र काढायला बसला की दोन दोन दिवस जेवत नाही. इथे भावोजींचं छत आहे, त्यानंतर डॉक्टरांच्या घरचा दिवाणखाना. चारचौघांत मान आहे. आणि तो रोन्का! परवा आला होता बघ, एक बाही हिरवी, एक नारिंगी. असल्या माणसाच्या हाती मी पोर देऊ?"

"आर्जिया, प्रीमोलाही तू असंच थांबवलं होतंस. फिरत्या मंडळीबरोबर गायला निघाला होता तेव्हा."

"आणि थांबला ना! सुखात राहिला."

एव्हारिस्तोने धूर सोडला. "सुखात," तो म्हणाला. ती टोपली उचलून आत गेली.

ती गेली न गेली तोच पलीकडच्या चादरीमागून लिओनीदा आला.

"सगळं ऐकलंस?" मामाने विचारलं.

"चादर पातळ आहे. मामा, तू शब्द दिलायस."

"मी म्हणालो, शिट्ट्या पडतील असं बघतो. मी शिट्टी वाजवीन असं म्हणालो नाही. या दोन बोटांनी मी जन्मात कुणाला शिट्टी मारलेली नाही. टाळीवाल्याने एकदा शिट्टी वाजवली की संपला. उद्या कोणता गायक त्याला दारात उभा करील?"

"मग टाळ्या वाजवणार? आईला घाबरून?"

"तुझ्या आईला तूही घाबरतोस, म्हणून तर 'परवा' म्हणालास."

लिओनीदाला हसू आलं, पण ते लगेच विझलं. "मामा, इथे राहिलो तर मी वाईट चितारी होईन असं नाही. मी चांगला चितारी होईन. सगळे मला चांगला म्हणतील. मला त्याचीच भीती वाटते."

एव्हारिस्तोला हे पूर्ण कळलं नाही. पण पोराच्या गळ्यातली कंपनं खरी होती, आणि गळ्यातलं खरं-खोटं ओळखण्यावरच त्याची निम्मी भाकरी चालत होती. तेवढ्यात डॉन फेर्मो झगा सावरत आला.

"एव्हारिस्तो, मी मध्ये पडत नाही. पण टाळ्या पडल्या तर माझ्या देवदूतांना पाय मिळतील, एवढं लक्षात असू दे." त्याने पुतण्याकडे पाहिलं आणि त्याचा सूर उतरला. "आणि नाही मिळाले तर... देवदूतांना तसं चालावं कुठे लागतं."

दोघेही गेल्यावर एव्हारिस्तो पाईप चादरीच्या काठावर ठोकत उभा राहिला. बहिणीला टाळ्या हव्यात. भाच्याला शिट्ट्या हव्यात. मग एकाएकी त्याला काहीतरी सुचलं आणि तो एकटाच, गोठलेल्या धुण्यात, खुदुखुदु हसला.

*

नाटकघर खच्चून भरलं होतं. खाली खुर्च्यांत वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. वर गॅलरीत नदीपलीकडची सगळी वस्ती, टोपल्यांसकट. डॉन फेर्मो पुतण्याच्या आत्म्याच्या काळजीने आला होता, असं तो स्वतःला सांगत होता. अंगात घंटा वाजवणाऱ्या सेवकाचा ओव्हरकोट, कानापर्यंत ओढलेली टोपी. त्याला कुणी ओळखलं नाही असं त्याला वाटत होतं. निम्म्या गॅलरीने त्याला वाकून नमस्कार केला होता, पण तो त्याने दुसऱ्या कुणाला तरी असेल असं मानलं.

गॅलरीच्या पुढच्या रांगेत त्याच्या एका बाजूला आर्जिया, दुसऱ्या बाजूला इलदे. इलदेची शाल आज फारच फुगली होती.

"इलदे, तुला कसला गं वास येतोय?"

"अत्तर आहे, काका."

"बिटाचं?"

"हळू बोला ना. जेवताना मीच बोलून घोटाळा केला, तो निस्तरतेय."

पडदा वर गेला. रोन्का आला, एक बाही हिरवी, एक नारिंगी. "परमाकरांनो!" तो गरजला. "तुमच्या तळघरात टांगलेलं मांस तुमच्यापेक्षा ताजं आहे!"

गॅलरीला हे आवडलं. तिथे सगळे हसले. रोन्काने मग लिओनीदाचं चित्र पुढे आणून त्यावरचं कापड ओढलं.

चित्रात एक माणूस टाळ्या वाजवत होता. पण त्याला दोन हात नव्हते. हातांमागे हात, त्यांच्यामागे आणखी हात, पंखा उघडावा तसे, आणि मधोमध जिथे ते एकमेकांना भिडत होते तिथे पिवळ्या ठिणग्या. मिशी मात्र एकच होती, आणि ती सगळ्यांना ओळखीची होती.

"अरे, हा तर एव्हारिस्तो!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. "एवढे हात? मग तर याने आजवर फार स्वस्तात काम केलं!"

खाली आपल्या माणसांत बसलेला एव्हारिस्तो पुढे वाकून बघत राहिला. त्याला हसावं की रागवावं कळेना. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांसाठी हात वाजवले होते, आणि त्या हातांकडे कुणी एवढं निरखून पाहिलं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग लिओनीदा पुढे आला. आपली कविता म्हणायला त्याने तोंड उघडलं, छातीत श्वास भरला, आणि पहिला शब्द ओठांवर यायच्या आत, अगदी अर्धा श्वास आधी, खालून कडाड कडाड टाळ्या फुटल्या. एव्हारिस्तो आणि त्याची सगळी टोळी. न ऐकताच वाजवलेल्या, उघड उघड बोलावून आणलेल्या टाळ्या.

आता परमाची गॅलरी सगळं सहन करते. बेसूर राजकन्या, घोगरा सेनापती, पडणारा पुठ्ठ्याचा डोंगर. पण आपल्या आधी कुणी टाळ्या वाजवून आपल्याला काय आवडावं ते शिकवू लागलं, तर ती स्वतःच्या बापालाही सोडत नाही.

"विकत घेतलेले हात! बाहेर काढा!" आणि शिट्ट्या सुरू झाल्या. एक, चार, मग मोजता येईनात इतक्या.

आर्जिया खुर्चीतून अर्धी उठली. "त्याने आधी वाजवली," ती डॉन फेर्मोला म्हणाली. "हा माणूस आयुष्यात कधी अर्धा श्वास आधी वाजवत नाही. मुद्दाम केलंन मेल्याने!" खाली एव्हारिस्तो मान वर करून तिच्याकडे पाहत होता. त्याने दोन्ही हात पसरले. तू सांगितलंस, मी वाजवल्या.

रंगमंचावर लिओनीदाचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. त्या शिट्ट्यांच्या वादळात त्याने कविता सुरू केली.

"हे पोलादी चाका!"

थांबला. शिट्ट्या.

"हे धगधगत्या भट्टी!"

थांबला. शिट्ट्या.

"हे विजेच्या तारे!"

डॉन फेर्मोने टोपी कानांवरून वर सरकवली. हा चढ त्याच्या ओळखीचा होता. शब्दाच्या शेवटी थोडं वर जाऊन अलगद खाली टेकणारा सूर, आणि मग उत्तरासाठी सोडलेली तेवढीच जागा. ही तर प्रार्थनेतली संतांची नामावली, एकेका नावाला लोकांनी उत्तर द्यायची. हाच सूर त्याने पोराला मांडीवर बसवून शिकवला होता. बिचाऱ्याला पत्तासुद्धा नव्हता. तो गिरण्या आणि भट्ट्या म्हणत होता, आणि गळा त्याचा अजून वेदीपाशी गुडघे टेकून होता.

"हे धावत्या इंजिना!"

त्या रिकाम्या जागेत डॉन फेर्मोचे ओठ आपोआप हलले. त्याला थांबायचं होतं, खरंच थांबायचं होतं. पण सवय विचारायला थांबत नाही, आणि आवाजही देवाने त्याला देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा दिला होता.

"ओरा प्रो नोबिस!" आमच्यासाठी विनंती कर!

शिट्ट्या अडखळल्या. लिओनीदा दचकला, पण पुढची ओळ तोंडातून निघून गेली होती.

"हे गरजणाऱ्या गिरणी!"

"ओरा प्रो नोबिस!" या वेळी मागची चीजवाली म्हातारी आणि तिच्या दोन सुनाही होत्या.

"हे... हे डायनामो!"

"ओरा प्रो नोबिस!" अख्खी गॅलरी.

लिओनीदाने वेग वाढवला. गॅलरीनेही वाढवला. त्याने सूर सोडून नुसते आवाज काढायला सुरुवात केली, "झ्झ्झ्राम! टक टक टक! फ्फ्फ्फूश!" आणि लोकांनी तितक्याच भक्तिभावाने, काहींनी तर डोळे मिटून, "ओरा प्रो नोबिस!" म्हटलं. फूश म्हणजे कोणता संत असेल तो असेल. खालच्या वकिलाच्या बायकोने क्रूस केला. माणसं डोलू लागली. शेवटी लिओनीदाचा श्वास संपला, आणि सगळं नाटकघर उठून टाळ्या वाजवू लागलं. खऱ्या टाळ्या, ऊबदार, मनापासून. एव्हारिस्तोच्या माणसांचेही हात राहवेना म्हणून वाजले.

"काय गोड पोर आहे गं तुझं!" चीजवाली आर्जियाला म्हणाली. "आम्ही उगाच कोबी आणले."

पडद्याच्या कडेला उभा असलेला रोन्का लिओनीदाजवळ आला. त्याचा आवाज रागीट नव्हता, हेच वाईट होतं.

"घरी जा, पोरा," तो म्हणाला. "लोकांना तू आवडतोस."

*

रोन्का काय म्हणाला ते आर्जियाला वर ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती.

तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. लेकाची अब्रू राहिली, वस्ती त्याच्यावर खूश झाली, सकाळची गाडी त्याच्याशिवाय जाणार. तिने स्वतःही दोन टाळ्या वाजवल्या. मग तिने रंगमंचाकडे पाहिलं.

लिओनीदा वाकून नमस्कार करत होता. हसत होता. अगदी शहाण्या मुलासारखा, बोलावलेल्या पाहुण्यांसमोर हसतात तसा. ते हसू आर्जियाने आधी पाहिलेलं होतं. फिरती मंडळी प्रीमोशिवाय निघून गेली त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा असाच हसला होता. 'रस्सा छान झालाय' म्हणाला होता. त्यानंतर वर्षानुवर्षं तो चांगला नवरा राहिला, चांगला बाप राहिला, आणि गायचा तो फक्त एकटा असताना, अंगणाकडे तोंड करून, कुणी आलं की थांबायचा.

"भावोजी," ती म्हणाली, "प्रीमो सुखात होता का हो?"

टाळ्यांच्या गदारोळात डॉन फेर्मोने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला तो तयार होता, पण त्याला ते कधीच नीट जमलं नव्हतं. "वहिनी, चांगला होता तो," तो म्हणाला. "फार चांगला होता."

आर्जियाने शालीतून हात बाहेर काढला. नदीवर धुणाऱ्या बायकांना पाण्याच्या आवाजात एकमेकींना हाक ऐकू येत नाही. त्या शिट्टी घालतात, या काठावरून त्या काठावर. तिने दोन बोटं तोंडात घातली.

ती शिट्टी अशी निघाली की खाली डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. टाळ्या चिरल्या गेल्या. सगळी गॅलरी वळली.

"वहिनी!"

"याला कविता म्हणतात?" आर्जिया रंगमंचाकडे पाठ फिरवून गॅलरीवर ओरडली. "माझं कपडे उकळायचं पातेलं यापेक्षा शहाण्यासारखं बोलतं! आणि ते चित्र? ते हात आहेत की गाजरांची जुडी? अरे, पवित्र नामावली म्हणायला लावून तुम्हाला उल्लू बनवलं या पोराने, आणि तुम्ही माना डोलावताय! फूश म्हणे! कोण संत फूश? आहे का पंचांगात?"

मग चीजवालीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"खरंच की! मी फूशला विनंती केली!"

"मी इंजिनाला!"

"माझ्या पोरांकडून डायनामोची प्रार्थना करवली, हरामखोर!"

आता जो राग उसळला तो एव्हारिस्तोच्या टोळीवरच्या रागापेक्षा कितीतरी अस्सल होता. शिट्ट्यांनी छत थरारलं. इलदेने आईकडे पाहिलं, आईने तिच्याकडे. इलदेची शाल उघडली आणि उकडलेलं लालबुंद बीट सुंदर वळण घेत थेट लिओनीदाच्या छातीवर फुटलं. त्यामागून कोबी, सलगम, अंडी.

"नेम छान आहे पोरीचा," आर्जिया म्हणाली आणि पुन्हा बोटं तोंडात घातली.

"वहिनी, मी काय करू?" डॉन फेर्मो कासावीस झाला होता.

"हातात काय आहे तुमच्या?"

इलदेने दिलेलं, सणाचं, साखर लावलेलं बिस्कीट होतं. त्याने त्याच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, "प्रभू, पोरासाठी," असं पुटपुटला, आणि ते कुणाला लागणार नाही अशा बेताने रंगमंचावर टाकलं.

खाली लिओनीदा कोबीच्या पानांत उभा होता. केसांतून अंडं ओघळत होतं. हात पसरून तो हसत होता, आणि हे हसू पाहुण्यांसाठी नव्हतं. रोन्काने धावत येऊन त्याला मिठी मारली, तेव्हा दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या झाल्या.

*

मागच्या दारापाशी घरची माणसं जमली. लिओनीदा बाहेर आला तो धावतच.

"उद्या सकाळची गाडी!" तो म्हणाला. "आई, मी... आई, तुला वाईट वाटलं असेल. पण ती शिट्टी! टाळ्या चिरणारी ती! रोन्का म्हणाला, अशी शिट्टी त्याने तूरिनमध्येसुद्धा ऐकली नाही. दिव्यांमुळे मला वरचं काही दिसलं नाही, कुणी वाजवली? मला त्याचा हात हातात घ्यायचाय."

"मला काय ठाऊक," आर्जिया म्हणाली. "असेल कुणी वरचा मवाली."

डॉन फेर्मोला खोकल्याची उबळ आली. एव्हारिस्तो मिशी चाचपत चांदण्या बघू लागला. इलदेने बिटाने लाल झालेले हात पाठीमागे नेले.

आर्जियाने लेकाच्या केसांतलं कोबीचं पान काढलं. मग तिची नजर त्याच्या छातीवर गेली. पांढऱ्या सदऱ्यावर बिटाचा डाग पसरला होता, हातभर. तिची बोटं सवयीने बटणांकडे गेली.

"काढ. आत्ता गार पाण्यात घातला, मीठ चोळलं, तर सकाळपर्यंत पांढराशुभ्र करून देते."

"नको, आई." त्याने तिचा हात धरला. "हा धुवायचा नाही. हा असाच मिलानला न्यायचाय."

आर्जिया त्या डागाकडे बघत राहिली. अख्ख्या गावाचे डाग तिने काढले होते, दारूचे, रक्ताचे, मेणबत्तीचे. हा तर सोपा होता. तिने हळूच हात सोडवून घेतला, त्याचा कोट दोन्ही बाजूंनी ओढला आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावलं.

"मग कोट काढू नकोस," ती म्हणाली. "गाडीत घासला तर रंग फिका होईल."